छेद लहान, निर्णय मोठा

‘मी अंथरुणाला खिळले तर घर कोण सांभाळणार?’ या एकाच प्रश्नापायी कित्येक माता वर्षानुवर्षे रक्तस्राव अंगावर काढतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने त्यावर बरेचसे उत्तर दिले आहे. अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि उपकरणे पोटात जातात. वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर घरी परततो. या विद्येत महाराष्ट्र मागे नाही. पुण्यात २०१७ साली डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले, तेव्हा दात्या मातेचे गर्भाशय दुर्बिणीद्वारेच काढले होते.

एकीकडे गर्भाशय देण्याची ही किमया, तर दुसरीकडे ते सर्रास काढून टाकण्याची रीत! छत्रपती संभाजीनगरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक! कारण केवळ वैद्यकीय नाही. एका दिवसाचा खाडा म्हणजे दंड, फडावर शौचालय नाही, त्यातून जंतुसंसर्ग, वर कर्करोगाची भीती. अशा वेळी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटतो.

छेद लहान झाला म्हणून हानी लहान होत नाही. अकाली अंडाशयही काढले गेले तर हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अनेक तक्रारी औषधांनी, संप्रेरकयुक्त तांबीने किंवा केवळ गाठ काढून आटोक्यात येतात. शिवाय दुर्बीण प्रत्येक ठिकाणी श्रेष्ठ नव्हे. गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक कर्करोगात खुल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अधिक प्रमाणात वाचतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. तंत्र हे साधन आहे. विवेक डॉक्टरचा आणि कुटुंबाचा.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. परंतु आदेश फडापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. सेवाभावातून १९८९ साली संभाजीनगरात डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे राहिले. तोच भाव घेऊन कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी वस्त्यांवर तपासणी शिबिरे भरवावीत आणि शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत मिळवून द्यावे. घराघरांतही आईच्या दुखण्याची विचारपूस वेळेवर व्हावी. मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्या समाजाने मातेच्या देहाचीही तितकीच चिंता वाहिली पाहिजे.