उचल नको, मजुरी द्या

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात उतरतात आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढतात. या कुटुंबांना काम नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पहाटे फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरून द्यायची. तरी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल हंगाम संपताना अनेकांची फिटलेली नसते. गरिबी हटवण्याची चर्चा रोजगाराच्या आकड्यांवर थांबते, तेव्हा ही माणसे तिच्यातून निसटतात.

एका टन उसाभोवती कायदा कोणाकोणाची काळजी घेतो ते पाहा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याला 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास 15 टक्के व्याज. साखरेलाही किमान विक्रीदर आहे. 2019 मध्ये तो किलोला 31 रुपये झाला. शेतकऱ्याने हे संरक्षण लढून मिळवले आहे आणि त्यातला एक पैसाही कमी होता कामा नये. तोडणाऱ्याचा दर मात्र साखर संघ आणि मजूर संघटनांच्या करारावर, बहुतेकदा संपानंतर ठरतो. जानेवारी 2024 मध्ये त्यात 34 टक्के वाढ झाली. पण ती वाढही मजुरापर्यंत पोहोचते ती मुकादमाच्या वहीतून, उचलीत वळती होऊन.

त्यात बाईची नोंदच नसते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ आणि उचल नवऱ्याच्या नावावर. खाडा झाला की दंड. आजारपण, पाळी, बाळंतपण, सगळे खाड्यातच जमा. या खाड्याच्या धाकाने बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याचे उघड झाल्यावर 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. दंडाची ही भीती कायम ठेवून नुसती आरोग्य शिबिरे भरवणे हा त्या बायकांवर पुन्हा अन्याय आहे.

यावरचा उपाय महाराष्ट्रानेच करून दाखवला आहे. हमालालाही एक मालक नव्हता. 1969 च्या माथाडी कायद्याने त्याची नोंद मंडळाकडे केली, मजुरी मंडळामार्फत दिली आणि मालकांकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी उभा केला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. वसतिगृहे, ओळखपत्रे हवीतच. मात्र मजुरीचा व्यवहार जोवर मुकादमाच्या हाती आहे, तोवर कर्ज सुटणार नाही.

म्हणून माथाडीसारखे मंडळ उभारून पुढच्या हंगामाआधी स्त्री आणि पुरुष दोघांची स्वतंत्र नोंद व्हावी, आठवड्याची मजुरी प्रत्येकाच्या खात्यात पडावी आणि कायद्याने कारखान्याला मालक ठरवावे. नुसती उचल बंद केली तर पावसाळ्यात चूल पेटणार नाही, लग्न आणि दवाखाना सावकाराकडे जाईल. तेव्हा मंडळानेच बिनव्याजी रक्कम द्यावी आणि तिच्या वसुलीसाठी कोणालाही फडात अडकवून ठेवता येऊ नये. हे परवडत नाही असे कारखान्यांना म्हणायचे असेल, तर त्यांनी तोडणीचा टनामागचा खर्च आणि त्यातला मुकादमाचा वाटा लोकांसमोर मांडावा.