काळा धूर म्हणजे बळ नव्हे

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून घाटमाथ्यावर जाणारे रस्ते आंबोली, फोंडा, करूळ अशा अवघड घाटांतून चढतात. चिरे, मासळी, आंबे असा माल भरलेला ट्रक चढणीस लागला कीं पुष्कळदां त्याच्या मागें काळ्या धुराचा लोट उठतो. तो पाहून "गाडींत दम आहे" असें कौतुकानें म्हणणारे लोक कमी नाहींत. हा समज चुकीचा व घातक आहे, असें आमचें मत आहे.

रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आपलें एंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. त्यांत ठिणगी लागत नाहीं. आंत घेतलेली हवा दाबून अतिशय तापविली जाते व नोझलमधून तेलाचा फवारा सुटतांच तो पेट घेतो. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते; प्रत्यक्षांत याहून अधिकच द्यावी लागते. ती अपुरी पडली कीं तेलांतील कार्बन न जळतां काजळी होऊन बाहेर पडतो. तोच हा काळा धूर.

कंदिलाची वात प्रमाणाबाहेर चढविली तर उजेड वाढत नाहीं, कांच मात्र काळी होते, हें वडील मंडळींस ठाऊक आहे. ट्रकचेंहि तसेंच. चढावर ओढ वाढावी म्हणून कित्येक मालक मेस्त्रीकडून पंपाचें तेल वाढवून घेतात. नव्या गाड्यांत हेंच काम संगणकीय आज्ञा बदलून होतें. यास 'ट्यूनिंग' म्हणतात. हवा तेवढीच ठेवून तेल वाढविल्यास ओढ थोडी वाढते, हें खरें. परंतु बरेंचसें तेल धुरांत जातें व एंजिन अधिक तापून लवकर झिजतें. एअर फिल्टर तुंबणें, नोझल ठिबकणें, टर्बो मंदावणें व मर्यादेबाहेर भार लादणें, हींहि काळ्या धुराचीं कारणें होत.

हानि मालकापुरती राहत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला. रस्त्याच्या कडेनें शाळेस चालत जाणारीं मुलें तोच धूर श्वासावाटे घेतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले असून नव्या ट्रकांस काजळी अडविणारी गाळणी असते. ती काढून केलेलें ट्यूनिंग हा कायद्याचा भंगच होय.

मासळी वेळेवर पोंचली पाहिजे, कर्जाचे हप्ते फेडले पाहिजेत, ही वाहनवाल्यांची अडचण आम्ही जाणतों. दोष त्यांचा एकट्यांचा नाहीं. जादा माल लादणारा व्यापारीहि त्यांत भागीदार आहे. परंतु धुरांत गेलेल्या डिझेलचे पैसे शेवटीं त्याच भाड्यांतून जातात.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं ट्रक असेल त्यांनीं वडिलांस नम्रपणें एवढेंच विचारावें: फिल्टर केव्हां साफ केला, नोझल केव्हां तपासले, आणि भार किती घातला? पंपास हात लावण्यापूर्वीं या तीन गोष्टी पाहिल्या, तर पुष्कळ ठिकाणीं ट्यूनिंगची गरजच उरणार नाहीं.