रस्त्याला लागला की ट्रॅक्टरची जात बदलते



५ नोव्हेंबर २००४ रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ खाली एक अधिसूचना काढली. देशातल्या सगळ्या गाड्या तिने दोन खान्यांत टाकल्या. एक परिवहन, दुसरा बिगर-परिवहन. वाचायला रूक्ष वाटेल, पण खाना बदलला की कर बदलतो, परमिट लागते, फिटनेसचा दाखला लागतो आणि विमा कंपनीची भाषाही बदलते. तेव्हा ही यादी नीट वाचली पाहिजे.

बिगर-परिवहन खान्यात एक नोंद आहे : केंद्र, राज्य व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या झाडे छाटणाऱ्या गाड्या. नगरपालिकेची गाडी फांद्या छाटायला निघाली तर ती या सवलतीत बसते. तशीच गाडी गावातल्या चार पोरांनी कर्ज काढून घेतली आणि लोकांच्या बांधावरची झाडे छाटून देण्याचा धंदा सुरू केला, तर ही नोंद त्यांच्या कामाची नाही. करवत तीच, फांदी तीच, रस्ताही तोच. फरक फक्त मालकाचा. गाडी काय काम करते हे न पाहता ती कोणाची आहे ते पाहायचे, याला वर्गीकरण म्हणत नाहीत, पंक्तिप्रपंच म्हणतात.

आता आपल्या ट्रॅक्टरकडे वळू. त्याच अधिसूचनेत 'कृषी ट्रॅक्टर व पॉवर टिलर' बिगर-परिवहन खान्यात आहेत. आणि 'सार्वजनिक रस्ता वापरणारे पॉवर टिलर व ट्रॅक्टर' परिवहन खान्यात आहेत! आम्ही विचारतो, सार्वजनिक रस्त्याला चाक न लावता शेतात पोचणारा ट्रॅक्टर कोणत्या कारखान्यात तयार होतो? वावरात असेतोवर तो शेतीचा आणि बांध ओलांडला की धंद्याचा, असा अर्थ लावायला ही यादी मोकळी आहे. एकाच कागदावर दोन उत्तरे असली की तिसरे उत्तर नाक्यावर उभा असलेला माणूस ठरवतो, आणि त्याचा भावही तोच ठरवतो.

मूळ १९८८ च्या कायद्यातच ही गाठ आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ट्रॅक्टर म्हणजे स्वतः ओझे वाहण्यासाठी न बनवलेले वाहन. पण माल वाहायला वापरले की कोणतेही वाहन 'मालवाहू' ठरते, अशीही व्याख्या त्याच कायद्यात आहे. केवळ ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टर परिवहन वाहन होत नाही आणि चालकाचे ट्रॅक्टरचे लायसन निकामी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले. त्याच न्यायालयाने २००५ साली एका वाहतूकदार कंपनीच्या खटल्यात ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी मालवाहू वाहन धरली. हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, हे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडून कायम होईपर्यंत ६ नोव्हेंबर २०२४ उजाडला. एवढ्या वर्षांत निकाल लागत राहिले आणि अपघातातल्या भरपाईचे दावे लोंबकळत राहिले.

खरा फटका इथेच बसतो. दंडाची पावती शेतकरी फाडून टाकील. पण घरच्या चिंचेचे लाकूड नेताना शेजाऱ्याचेही दोन मण टाकले, त्याने डिझेलपुरते पैसे दिले आणि वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी म्हणते : हे भाड्याचे काम, पॉलिसी शेतीकामाची. ट्रॉलीचा वेगळा हप्ता भरला नसेल तर तिला आणखी एक कारण मिळते. मग मेलेल्याच्या घरची भरपाई जमीन विकून भागवायची पाळी येते. एका शब्दाच्या अर्थावरून दोन घरे बसतात.

कोणी म्हणेल, नियम नकोत म्हणजे रस्त्यावर माणसे मारायची काय? मुळीच नाही. रात्रीच्या अंधारात दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळून मरतात ती आमचीच पोरे. ब्रेक हवा, मागे लाल दिवा हवा, परावर्तक पट्टी हवी, वजनाला मर्यादा हवी, चालक शिकलेला हवा. यात सवलत मागणारा आमचा नव्हे. पण हे सारे गाडीकडे पाहून तपासता येते. मालक कोण आणि माल कोणाचा, या चौकशीने एकही ब्रेक लागत नाही.

लाकडाच्या बाबतीत तर वाहनाच्या कागदावर भागत नाही. सागासारख्या झाडाला १९६४ च्या राज्य कायद्याने तोडीची परवानगी लागते, आणि वाहतुकीला १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ४१ खालचे नियम आहेत. बांबू हे झाड नसून गवत आहे, हे याच कायद्याच्या डोक्यात शिरायला ९० वर्षे लागली. २०१७ साली ते शिरले, तेही फक्त वनाबाहेरच्या बांबूपुरते. त्याच वर्षी शेतीच्या ट्रॅक्टरला बिगर-परिवहन व्याख्येतून बाहेर काढण्याचा मसुदाही आला. ओरड झाली, हरियाणाचा एक खासदार ट्रॅक्टर घेऊन संसदेवर गेला, तेव्हा सरकार थांबले. १९९१ साली बहुतेक कारखानदारांचे लायसन सुटले. शेतकऱ्याच्या ट्रॉलीमागे मात्र परमिट-राज अजून धावतेच आहे.

म्हणून जिल्हा सभेपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. एक, २००४ च्या यादीतली परस्परविरोधी नोंद काढून शेतीचा ट्रॅक्टर रस्त्यावरही शेतीचाच, असे स्पष्ट लिहा. दोन, झाडे छाटणाऱ्या गाडीला मालक न पाहता एकच नियम लावा. तीन, शेजारधर्माने केलेली वाहतूक शेतीकामात धरा आणि तसे पॉलिसीवर मराठीत छापा. चार, तपासणी ब्रेक, दिवे व वजनाची करा.

सभेला येताना प्रत्येकाने आपले आर.सी. बुक, लायसन आणि विम्याची पॉलिसी आणावी. ट्रॉलीची नोंद आहे की नाही, हप्ता भरला आहे की नाही, हे तिथेच पाहू. सरकारशी भांडायचे ते भांडूच. तोवर आपल्या घराला भोक राहू नये.