दोघांची गाडी, चौघांच्या जिभा

माझ्या पुतण्याच्या हातून गुन्हा घडला आहे. तो बर्मिंगहॅमला नोकरी करतो, दर रविवारी आईला न चुकता फोन करतो, कर्जाचे हप्ते वेळेवर फेडतो. आणि इतके असूनही गेल्या वर्षी त्याने २००३ सालची, उघड्या टपाची, दोनच माणसे बसतील अशी माझ्दा एमएक्स-५ ही मोटार विकत घेतली. फराळाच्या ताटावर ही बातमी फुटली तेव्हा वहिनी चकली हातात तशीच धरून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी त्याला चार शब्द सांगा. तेवढ्याच पैशांत पाच माणसांची गाडी आली असती!" थोरल्या बंधूंनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "थेरं!" एवढा एकच शब्द उच्चारला.

मी त्याला काहीही सांगणार नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्यावर हसणाऱ्यांना.

पहिली गोष्ट, स्पोर्ट्स मोटार म्हणजे श्रीमंताचा माज, हा समज. याला जबाबदार मोटारी विकणारेच आहेत. ज्या गाडीत चढायला पायरी लागते, जिचे वजन दोन टनांच्या घरात जाते आणि जी मुख्यतः शाळेच्या दारात आडवी उभी असते, तिलाही हल्ली 'स्पोर्ट' म्हणतात. हत्तीला हरीण म्हणावे, त्यातला हा प्रकार! मूळ कुळी अगदी निराळी होती. १९५८ साली इंग्लंडात ऑस्टिन-हीली स्प्राइट निघाली. तिचे इंजिन ९४८ सी.सी.चे, ताकद अवघी ४३ अश्वशक्ती. इंजिन ऑस्टिनच्या साध्या घरगुती गाडीचे, स्टिअरिंग मॉरिस मायनरचे. दारांना बाहेरून मुठी नाहीत, मागे सामानाचे झाकण नाही; पिशवी ठेवायची तर आसन पुढे वाकवून आत सरकवायची. दिवे मिटते-उघडते करायचा बेत होता, तो खर्चापायी रद्द झाला, आणि डोळे वटारल्यासारखे ते दिवे बॉनेटवरच राहिले. लोकांनी तिला 'बेडूकडोळी' म्हटले आणि तिच्यावर जीव लावला. यात माज कुठे दिसतो? मला तर यात काटकसरीचा संसार दिसतो.

१९८० साली एम.जी.चा ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला आणि ही जात जवळजवळ बुडाली. तिला पुन्हा जीवदान दिले जपान्यांनी. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझ्दाने आपली छोटी गाडी मांडली: १६०० सी.सी.चे इंजिन, वजन हजार किलोंच्या आत, किंमत मध्यमवर्गीय अमेरिकनाला झेपेल इतकी. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, हे तिच्या कर्त्यांचे सूत्र होते. २०१६ साली अशी दहा लाखावी गाडी तयार झाली. दहा लाख माणसे एकदम वेडी होत नसतात.

आता दुसरे टीकाकार. हे तरुण असतात आणि अश्वशक्तीचे आकडे पाढ्यांसारखे म्हणतात. "काका, एवढ्याशा इंजिनात काय मजा?" त्यांना मी टोयोटाच्या जीटी-८६चे उदाहरण देतो. २०१२ साली ही गाडी आली तेव्हा तिला मुद्दामच बेताच्या पकडीचे टायर बसवले होते, प्रियससारख्या सोज्वळ गाडीला शोभतील असे. कारण उघड आहे. टायर रस्त्याला घोरपडीसारखे चिकटले, तर गाडी काय बोलते ते कळायला इतका वेग लागतो की तोवर पोलीस तरी येतो, नाहीतर रुग्णवाहिका! हलकी, कमी ताकदीची गाडी कायद्याच्या वेगातही सगळे बोलते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या गुन्हेगाराच्या शेजारी बसून मी श्रॉपशायरच्या टेकड्यांतून हिंडलो आहे. टपाच्या दोन खिट्ट्या काढल्या आणि त्याने एका हाताने तो मागे लोटला. कापलेल्या गवताचा वास आत आला, कुंपणापलीकडची मेंढरे ऐकू आली. एका वळणावर त्याने गिअर उतरवला, गाडीने नाक आत घातले आणि मी, साठी उलटलेला गृहस्थ, मोठ्याने हसलो. काटा पाहिला तर पंचेचाळीस मैलांवर होता.

निवडीबाबतही त्याने शहाणपणच केले. रंगावर भाळला नाही. टपाचे पाणी निचरणारी भोके पानांनी तुंबतात, पाणी दाराखालच्या पत्र्यात मुरते आणि आतून गंज चढतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने आधी गाडी उचलून खालून पाहिली, दुरुस्तीच्या पावत्या वाचल्या, आणि चकचकीत पण गंजलेल्या दोन गाड्या सोडून ही ओरखडे पडलेली घेतली. वाचवलेल्या पैशांत चार चांगले टायर. स्थळे पाहतानासुद्धा आपण इतकी चौकशी करीत नाही!

आपल्याकडे अशी गाडी झालीच नाही असे कोणी समजू नये. १९९८च्या सुमारास गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची उघडी मोटार निघाली होती, ११४९ सी.सी.चे रेनॉ इंजिन, फायबरचे अंग. ती फार चालली नाही. माझे मत असे, की तिला रस्त्यांनी मारले नाही, "पाच माणसे कुठे बसणार?" या प्रश्नाने मारले.

आणि हाच प्रश्न आमच्या घरात विचारला गेला, याचे मला खरे दुःख आहे. १९७५ साली थोरल्या बंधूंजवळ म्हैसूरला बनलेली येझ्दी होती. रविवारी पहाटे ते वहिनींना मागे बसवून सिंहगडाकडे निघत आणि उन्हे चढल्यावर धुळीने माखून, हसत परत येत. तेव्हाही घरात आई होती, आण्णा होते, मी होतो. आमच्यापैकी कोणीही विचारले नव्हते, की या गाडीवर पाच माणसे कशी मावायची.

एवढे मी त्या दिवशी फराळाच्या ताटावर बोलून दाखवले. बंधूंनी वर्तमानपत्र खाली ठेवले. चष्मा पुसत म्हणाले, "तिचा सायलेन्सर फार तापायचा."

जूनमध्ये वहिनी मुलाकडे जाणार आहेत. काल फोन करून त्यांनी हळूच विचारले, "भावजी, टप उघडला की वाऱ्याने अंबाडा सुटतो का हो?"

मी म्हटले, रुमाल बांधा.