गोधडीला गच्ची द्या!

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक फर्मान लागले आहे - 'गच्चीवर गाद्या, गोधड्या, रजया वाळत घालू नयेत. इमारतीची शोभा जाते.' सदतीस वर्षे मराठी शिकवले, त्यामुळे आधी शुद्धलेखन तपासले. ते बरोबर निघाले. चूक आशयात आहे, आणि मोठी आहे.

सात मजली इमारतीच्या गच्चीवरची गोधडी दिसणार तरी कोणाला? पांडवकड्याच्या डोंगरावरच्या घारींना?

घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या लहानपणी बायका गोधड्यांची गाठोडी घेऊन नदीवर जात. हे नुसते सोवळे नव्हते. पावसाळ्यात अंथरुणे दमट होतात, बुरशी धरतात. आपल्या अंगाच्या गळलेल्या कातडीवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे अशा दमट जागीच वाढतात. दमेकऱ्यांना त्यांचाच त्रास. भाद्रपद सरताना नदीला पाणी असते आणि ऊन परतू लागते. धुवायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

'पण मावशी, गोधडी घरी धुता येत नाही, ड्रायक्लीनला द्या नाहीतर टाकून द्या,' असे मला दोघीतिघींनी सांगितले. अहो, गोधडी धुण्यासाठीच तर तशी शिवतात! जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवरून काठापासून मध्यापर्यंत जवळजवळ घातलेला धावदोरा. आत सुटे काही नाही, त्यामुळे गोळा होणारही काही नाही. कापूस भरलेल्या रजईचे तसे नाही. ती भिजवली की कापसाचे गठ्ठे होतात. तिला ऊन दाखवावे आणि पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा. घोंगडीलाही गरम पाणी आणि घासणे वर्ज्य. लोकर आकसते आणि घट्ट होऊन बसते. सोलापुरी चादर (जिला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) मशीनमध्ये खुशाल टाका. प्रत्येकीची जात वेगळी, म्हणून नियमही वेगळे.

आता गोधडीचे. आधी उसवलेले टाके घालून घ्यावेत. ओला पांढरा फडका कोपऱ्यावर दाबून रंग जातो का पाहावे. मग मोठ्या टबात साध्या पाण्यात साबणाची थोडी पूड विरघळवून अर्धा तास भिजवावी आणि पायांनी तुडवावी. बडवू नये, पिळू नये. माझ्या गुडघ्यांमुळे तुडवायचे काम सध्या नातवाकडे आहे, आणि तो ते आनंदाने करतो! पाणी नितळ येईपर्यंत खळबळावी. ओली गोधडी एका टोकाला धरून कधीही उचलू नये, पाण्याच्या वजनाने टाके तुटतात. तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर घ्यावी.

आणि मशीन? त्यावर लिहिलेले साडेसहा किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते. मोठी गोधडी वजनात बसली तरी ड्रममध्ये फिरायला तिला जागा उरत नाही. साबण आतच राहतो आणि पिळताना मशीन नाचू लागते.

हे सगळे न्हाणीघरात जमते. जमत नाही ते वाळवणे. आमच्या बाल्कनीत चार घड्या घातल्याशिवाय गोधडी मावत नाही, आणि घडीतली गोधडी खारघरच्या दमट हवेत दोन दिवसांत कुबट होते. तिला दोन दोऱ्यांवर तंबूसारखी पसरायला हवी, दुपारी उलटायला हवी. ती जागा फक्त गच्चीवर आहे. म्हणजे गच्ची बंद केली की गोधडी बंद झालीच!

कमिटीचे म्हणणे, पाणी ठिबकून गच्चीचे वॉटरप्रूफिंग खराब होते. चार महिने खारघरचा पाऊस सोसणारी गच्ची माझ्या गोधडीच्या ठिबकण्याने गळणार असेल, तर नोटीस ठेकेदाराला लावा. कठड्यावरून खाली पडेल ही भीती मात्र रास्त आहे. तेव्हा कठड्यावर बंदी जरूर घाला, मधे दोऱ्या बांधू द्या आणि संध्याकाळी सोडायला लावा. घटस्थापनेआधी चार दिवस आणि मे महिन्यात चार दिवस, एवढेच मागते आहे. पाळ्या लावून द्यायला मी तयार आहे. वेळापत्रकांची सवय आहेच.

शोभेचे म्हणाल, तर ज्या गाडगेबाबांचा फोटो आपण स्वच्छता अभियानाच्या फलकावर लावतो, ते स्वतः चिंध्यांचे वस्त्र पांघरत आणि जन्मले परिटाच्या घरी. त्यांना या फर्मानाबद्दल काय वाटले असते?

माझ्या गोधडीत आईचे हिरवे लुगडे आहे, सासूबाईंचे जांभळे आहे. दोघीही आता नाहीत. कोणी ती कचऱ्यात टाकायला सांगते तेव्हा माझा आवाज चढतो, हे कमिटीने समजून घ्यावे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी लेखी मांडणार आहे. तुमच्या सोसायटीत काय नियम आहे, तेही कळवा. संख्याबळ लागेल!