नोंदणीतून पुसलेल्या बायका

डेटाबेसमधला एक नियम कुणाचं नाव ठेवतो आणि कुणाचं पुसतो, हे मी रोज कामात पाहतो. कॅनडाच्या १८७६ च्या ‘इंडियन अॅक्ट’मध्ये असाच नियम होता. आदिवासी स्त्रीने बाहेरच्याशी लग्न केलं, की तिचा आदिवासी दर्जा रद्द. पुरुषाने केलं, तर त्याच्या गोऱ्या बायकोलाही दर्जा. ज्या हौडेनोशोनी समाजात कुळ आईकडून चालतं आणि प्रमुख कुळमाता निवडतात, त्यांच्यावरही हाच कायदा लादला गेला.

१९७३ मध्ये जेनेट लव्हेल सर्वोच्च न्यायालयात हरल्या, तेव्हा आदिवासी नेतृत्वातले अनेक पुरुष कायद्याच्याच बाजूने होते. सँड्रा लव्हलेस संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेल्या. १९८५ मध्ये कायदा बदलला.

‘आधी समाजाचा लढा, मग बायकांचं बघू’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन: राज्यकर्त्यांनी पुसलेली नावं परत लिहिल्याशिवाय समाज मोकळा कसा होणार?