बारा तोंडांचे कोडे



इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात नॉर्टन डिस्नी नावाचे एक लहानसे खेडे आहे. २०२३ साली तेथील हौशी मंडळींनी एका शेतात खणण्यास आरंभ केला, तेव्हा जुन्या खड्ड्यातून मुठीएवढी एक पोकळ धातूची वस्तू निघाली. तिला बारा पंचकोनी बाजू, प्रत्येक बाजूच्या मध्यभागी लहानमोठे गोल छिद्र आणि वीसही कोपऱ्यांवर वाटाण्यासारखी एकेक गाठ. उंची ८ सेंटिमीटर, वजन २४५ ग्रॅम. रोमी अमदानीतील ही वस्तू मातीत इतकी शतके राहूनही अभंग होती.

अशा वस्तू आजवर शंभराहून अधिक सापडल्या आहेत. पहिली नोंद १७३९ सालची, तीही इंग्लंडातीलच. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन येथे त्या मिळतात. खुद्द रोम ज्या इटलीत आहे तेथे मात्र मिळत नाहीत. त्यांचा उपयोग काय, हे एकाही रोमी ग्रंथकाराने लिहिलेले नाही. शेतीपासून इमारतीपर्यंत सर्व विषयांवर ग्रंथ रचणाऱ्या त्या लोकांनी येथेच मौन धरावे, याचे नवल वाटते.

तर्कांना मात्र तोटा नाही. एकीत मेणाचा अंश आढळला, म्हणून कोणी तिला मेणबत्तीचे घर म्हटले. कोणी म्हणाले, छिद्रांतून पाहून जमिनीचे अंतर मोजीत असावेत. परंतु मापाचे साधन म्हटले की त्यास ठराविक आकार हवा, खुणा हव्यात. येथे एक वस्तू ४ सेंटिमीटरची, तर दुसरी ११ सेंटिमीटरची. अंक कोठेच नाहीत. लोकरीचे हातमोजे विणण्याचा साचा, ही कल्पना अलीकडे फार लोकप्रिय झाली आहे. एका बाईंनी तशी प्रत करून मोजे विणूनही दाखविले, म्हणे! पण विणताना धागा घासून गाठी झिजावयास हव्यात. तशी झीज दिसत नाही. शिवाय तसल्या विणकामाचा पुरावाही त्या काळचा नाही. एखादे काम एखाद्या वस्तूने करता येते, म्हणून ती त्याच कामासाठी घडविली होती असे ठरत नाही; वरवंट्याने खिळाही ठोकता येतो.

मला स्वतःला धर्मविधी वा शकुन पाहण्याशी तिचा संबंध असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. जर्मनीत क्रेफेल्ड येथे एका श्रीमंत स्त्रीच्या कबरीत अशी वस्तू निघाली व तिच्याजवळ हाडाच्या काठीचे अवशेष होते. काठीच्या टोकाला बसवून ती मिरवीत असावेत काय? हा तर्क केवळ शेजारच्या वस्तूमुळे करता आला. बहुतेक जुन्या नगांविषयी ते नेमके कोठे, कशासोबत पडले होते हे कोणीच टिपून ठेविले नाही. म्हणूनच नॉर्टन डिस्नीच्या खड्ड्याला एवढे मोल आहे.

आपल्याकडचे उदाहरण दायमाबादचे. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली एका शेतकऱ्यास झाडाची मुळे खणताना चार जड ब्राँझच्या आकृती सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा. एकूण वजन ६० किलोहून अधिक. त्या मिरवणुकीत ओढीत असावेत, असे काही विद्वान मानतात. परंतु शास्त्रशुद्ध उत्खननातील थरांतून त्या बाहेर आल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयीचा वाद आजही मिटलेला नाही.

तेव्हा नांगराला काही अनोळखी लागले, तर चिंचेने घासून लखलखीत करू नये, आणि मोडीच्या भावाने भंगारवाल्यास तर मुळीच देऊ नये. जेथे मिळाले तेथे खुंटी ठोकावी, किती हात खोल होते व शेजारी खापर, हाड, नाणे काय होते ते मुलांच्या वहीत लिहून ठेवावे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. ती वर्दी लिहावयास कोणास अडचण वाटल्यास त्याने मिस्सेनंतर मजकडे यावे.